धर्मगुरूंविना दोनशे वर्षे

श्रद्धेचा प्रसार हे फादर, सिस्टर आणि फार तर धर्मशिक्षक यांचे काम, अशी आपल्या कित्येक घरांतून समजूत आहे. तसे ज्यांना वाटत असेल त्यांनी जपानमधील उराकामीचा वृत्तान्त अवश्य ऐकावा. हे तेव्हा एक खेडे होते. आता ते नागासाकी शहरात सामावले आहे. तो देश आपणांस वाटतो तितका परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली तेथे उतरले तेव्हा त्यांचा दुभाष्या होता आन्जिरो. त्याचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला होता. आणि १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते.

१६१४ साली राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले, कित्येक मारले गेले. १६४४ नंतर तेथे एकही उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, देवळाची घंटा नाही. मागे राहिले ते शेतकरी आणि कोळी. त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. एकाने सण व उपवास यांचे दिवस मोजून सांभाळावयाचे. एकाने नवजात बालकाच्या मस्तकी पाणी घालून बाप्तिस्मा द्यावयाचा. एकाने घरोघर निरोप पोहोचवावयाचा. पाच-पाच घरांना एकमेकांसाठी जबाबदार धरण्याची तेथे रीत होती, म्हणजे शेजाऱ्याची नजर चुकविणे किती कठीण! घरात कान्नोन देवीची मूर्ती असे. तिच्या मांडीवर बालक असल्याने हे लोक तिच्या ठायी मारियामातेचे दर्शन घेत. दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. मग घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना. याला कोणी दुबळेपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. लॅटिन प्रार्थनांचे शब्द तोंडातोंडी झिजून गेले, पुष्कळांना त्यांचा अर्थही उमगेना. तरी आईने ते मुलास शिकविलेच.

आपल्या घरी हे काम कोण करतो? राखेच्या बुधवारची तारीख चर्चच्या फलकावर लिहिलेली असते, म्हणून ती कोणी ध्यानात ठेवीत नाही. जीव धोक्यात असलेल्या बालकास, धर्मगुरू वेळेवर पोहोचणार नसतील तर, कोणीही साधे पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो. हे किती घरांतील थोरल्यांना ठाऊक आहे? निजण्यापूर्वी नातवाचा हात धरून त्याच्याकडून क्रुसाची खूण करवून घेणारी आजी मात्र अजून पुष्कळ घरांत आहे. तिला कोणी प्रेषित म्हणत नाही, आणि तिलाही तसे वाटत नाही. आपल्या आळीतले हिंदू आणि मुसलमान शेजारी प्रवचन ऐकावयास येत नाहीत. मयताच्या घरी पहिला घडा कोणी आणून ठेवला, उधारी सांगितल्या दिवशी कोणी फेडली, एवढे ते पाहतात.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथील नव्या देवळात फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्याकडे उराकामीचे काही गावकरी आले. त्यांतील एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचेही अंतःकरण आपल्यासारखेच आहे. आणि मारियामातेची मूर्ती कोठे, असे विचारले. सध्या उपवासकाळ चालू आहे, हेही त्यांना माहीत होते! त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. दोनशे वर्षांनंतरही त्यांची मोजणी चुकली नव्हती.

बंदी मात्र उठली नव्हती. पुढे सुमारे ३,४०० गावकऱ्यांना घरेदारे सोडून दूरच्या प्रांतांत हद्दपार व्हावे लागले. त्यांपैकी सहाशेहून अधिक तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरविण्यात आले, तेव्हा उरलेले गावी परतले. ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, तो वाडा त्यांनी पुढे विकत घेतला आणि त्याच जागी देऊळ उभारले.