खेळ पोरांचा, भाडे आईबापाचे

जगातला सर्वांत स्वस्त खेळ कोणता, असे विचारले तर कोणीही फुटबॉलचेच नाव घेईल. एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा, बाकी काही लागत नाही. चेंडू नसेल तर चिंध्यांचा गोळाही चालतो. म्हणूनच ब्राझीलच्या झोपडवस्त्यांपासून पश्चिम आफ्रिकेच्या धुळीच्या मैदानांपर्यंत हा खेळ कष्टकऱ्यांच्या पोरांनी वाढवला. परंतु जगातल्या सर्वांत धनवान देशात, अमेरिकेत, हाच खेळ कष्टकऱ्यांच्या घरातून हुसकून लावला गेला आहे. कोणी कायदा करून नव्हे किंवा दारावर पाटी लावूनही नव्हे. हे काम केले आहे प्रवासखर्चाने.

अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात. तिथे गावातल्या गावात खेळणाऱ्या मुलांसाठी स्थानिक लीग असते आणि ती फारशी महाग नसते. पण मूल आठ-नऊ वर्षांचे झाले आणि त्याच्या पायात काही दिसले की प्रशिक्षक आईबापांना सांगतो, याला 'ट्रॅव्हल टीम'मध्ये घाला. नावातच प्रवास आहे. इथून पुढे क्लबची वार्षिक फी, गणवेशाचे दोन-तीन संच, स्पर्धेची प्रवेश फी आणि त्याहून मोठे म्हणजे दर काही आठवड्यांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या राज्यात जाऊन खेळणे. शुक्रवारी निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे. पेट्रोल, विमानाचे तिकीट, दोन रात्रींचे हॉटेल, सहा वेळचे बाहेरचे जेवण. प्रशिक्षकाच्या प्रवासाचा आणि खोलीचा खर्चही अनेक क्लबांत पालकांमध्येच वाटून घेतला जातो. मैदानाबाहेर गाडी उभी करायचे पैसे वेगळे.

यातला हॉटेलचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. अनेक स्पर्धांचा नियमच असा असतो की बाहेरगावच्या संघाने आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच उतरायचे, नाहीतर स्पर्धेत प्रवेश नाही. तिथे याला 'स्टे टू प्ले' म्हणतात, म्हणजे राहाल तर खेळाल. एखाद्याचा मामा त्याच शहरात राहत असेल आणि त्याच्या घरी गादी टाकून झोपायची सोय असेल तरी संघाच्या खोल्या ठरल्या जागीच घ्याव्या लागतात. कारण खोलीमागे मिळणारे कमिशन अनेकदा आयोजकांच्या खिशात जाते. म्हणजे स्पर्धा ही खोल्या विकण्याची युक्ती झाली आणि दहा वर्षांची मुले त्या युक्तीचे गिऱ्हाईक आणणारे दलाल झाले. शहरांच्या नगरपालिकाही यात मागे नाहीत. पाहुण्यांचा पैसा गावात यावा म्हणून डझनावारी मैदानांची क्रीडासंकुले उभी राहिली. इंडियानातल्या वेस्टफील्डचे ग्रँड पार्क २०१४ मध्ये याच हिशोबाने उघडले. फ्लोरिडात तर डिस्नेने आपल्या करमणूकनगरीलाच लागून क्रीडासंकुल बांधले आहे. पोराचा सामना संपला की त्याला शेजारची जत्रा दाखवल्याशिवाय कोणता बाप घरी आणू शकेल?

आता आकडा पाहू. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटचा 'प्रोजेक्ट प्ले' हा उपक्रम मुलांच्या खेळावरील खर्चाची पाहणी करतो. २०१९ च्या पाहणीत असे दिसले की सर्व खेळ मिळून पाहिले तर खर्चाच्या बाबींत प्रवास ही सर्वांत मोठी बाब आहे. फी, साहित्य, शिकवणी यांच्यापेक्षाही मोठी. २०२४ च्या पाहणीत एका मुलाच्या मुख्य खेळावर घरटी सरासरी १,०१६ डॉलर खर्च झाल्याचे आढळले. पाच वर्षांत ही वाढ ४६ टक्के होती. लक्षात घ्या, ही सरासरी आहे. तिच्यात गावातल्या मैदानावरच खेळणारी मुलेही धरली आहेत. ट्रॅव्हल टीममधल्या मुलाचा खर्च सहज काही हजार डॉलरवर जातो. अमेरिकेची केंद्रीय किमान मजुरी जुलै २००९ मध्ये तासाला ७.२५ डॉलर ठरली. त्या दराने ही नुसती सरासरी भरायलाच १४० तास राबावे लागते, म्हणजे साडेतीन आठवड्यांची मजुरी. आणि ज्याचे काम तासावर आहे त्याचा शनिवार-रविवार स्पर्धेत गेला की त्या दोन दिवसांची मजुरीही बुडते. हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही.

अमेरिकेच्या इतिहासात ज्याच्याइतके गोल त्या देशाच्या पुरुष संघासाठी फक्त आणखी एकाच खेळाडूने केले, त्या क्लिंट डेम्प्सीची गोष्ट या संदर्भात सांगितली पाहिजे. ५७ गोल. टेक्ससमधल्या नॅकोगडोचेस या लहान गावात, आजीआजोबांच्या परसात उभ्या केलेल्या फिरत्या घरात हा मुलगा वाढला. खेळ शिकला तो गावातल्या मेक्सिकन मजुरांबरोबर. चांगला क्लब होता डॅलसमध्ये, एका बाजूने तीन तासांच्या वाटेवर. म्हणजे पुण्याहून निघून मुंबई गाठावी तेवढे जायचे, सराव करायचा आणि तेवढेच परत यायचे. आईबापांनी हे केले. पण त्याची मोठी बहीण टेनिस खेळत होती, तिच्याही स्पर्धा, तिचाही प्रवास. दोघांचे भागेना. तेव्हा क्लिंटला डॅलस सोडावे लागले. पुढे १९९५ मध्ये ती बहीण सोळाव्या वर्षी मेंदूतील रक्तवाहिनी फुटून वारली आणि त्यानंतर तो पुन्हा क्लबमध्ये गेला. संघातल्या इतर मुलांच्या पालकांनी त्याच्या खर्चाला हातभार लावला.

ही कथा अमेरिकन वर्तमानपत्रांत जिद्दीची कथा म्हणून छापली जाते. आम्हाला ती तशी वाटत नाही. दोन गुणी लेकरांपैकी कोणाला गाडीत बसवायचे, हा प्रश्न एका आईबापापुढे उभा करणारी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यातून एक मुलगा पुढे गेला. ज्या घरात शेजारच्या पालकांनी हात दिला नाही, त्या घरांतल्या मुलांची नावे कोणाला माहीत आहेत? ती मोजायची तरी कशी?

अमेरिकेच्या महिला संघाची गोलरक्षक होप सोलो, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि २०१५ चा विश्वचषक जिंकलेली, हिने २०१८ मध्ये उघडच सांगितले की आज ती लहान असती तर तिच्या घरच्यांना तिला हा खेळ खेळवणे परवडले नसते. हा खेळ श्रीमंत गोऱ्या मुलांचा झाला आहे आणि काळ्या व लॅटिनो वस्त्या आपण तोडून टाकल्या आहेत, असाही तिच्या बोलण्याचा आशय होता. त्याच्या काही महिने आधी, १० ऑक्टोबर २०१७ रोजी, अमेरिकेचा पुरुष संघ त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ असा हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाबाहेर फेकला गेला. तेहतीस कोटींचा देश चौदा लाखांच्या देशाकडून हरला! तेव्हा महिनाभर खूप चर्चा झाली. पैसे भरा आणि खेळा ही पद्धत बदलली पाहिजे असे सगळेच म्हणाले. त्यानंतर २०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद कॅनडा आणि मेक्सिकोबरोबर अमेरिकेला मिळाले, आणि चर्चेचा रोख मैदानांवरून तिकिटांवर गेला.

पालकांना हे सगळे कळत नाही असे नाही. ते धावतात ते महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या आशेने. 'शोकेस' नावाच्या स्पर्धांत महाविद्यालयांचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला येतात, म्हणून तिथे दिसलेच पाहिजे, असे क्लब सांगतो. वस्तुस्थिती काय होती? २०२५ पर्यंत वरच्या विभागातील पुरुष फुटबॉल संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या त्या फक्त ९.९. अर्धवट आकडा वाचून चूक समजू नका, नियमच तसा होता. पंचवीस-तीस मुलांच्या संघात त्या तुकडे करून वाटायच्या. मुलींच्या संघाला १४. त्यानंतर नियम बदलले, पण सरळ हिशोब असा की अनेक घरांनी दहा वर्षांत प्रवासावर जेवढे उधळले तेवढे बँकेत ठेवले असते तर फीचा बराच भाग निघाला असता.

मग क्लब म्हणतात, आम्ही गरीब मुलांना सवलत देतो. देतातही, ते नाकारण्याचे कारण नाही. पण फी माफ होते, हॉटेल माफ होत नाही. पेट्रोल माफ होत नाही. ज्या घरात गाडी एक आणि ती बापाच्या कामावर, त्या घरातले पोर सरावाला कसे जाणार? अमेरिकेच्या बहुतेक उपनगरांत बस नसतेच. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित आईबापाला तर विमानतळावरच्या ओळखपत्राच्या तपासणीचीच धास्ती. मोठ्या व्यावसायिक क्लबांच्या अकादम्यांत आता बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या जागा मूठभर, त्याही मुलांच्याच. मुलींनी कुठे जायचे?

मुळात हा खर्च पालकांवर का आला, याचे एक कारण फार कमी लोक सांगतात. 'फिफा'चा २००१ पासून नियम आहे की खेळाडूचा करार संपण्याआधी एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे सौदा झाला तर त्या रकमेतील पाच टक्के रक्कम बारा ते तेवीस वर्षे वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायची. युरोप-दक्षिण अमेरिकेतला लहान क्लब गरीब पोराला फुकट शिकवू शकतो, यामागे हा हिशोबही असतो. एक मुलगा मोठा झाला की पुढच्या कित्येकांचा खर्च निघतो. अमेरिकन फुटबॉल महासंघाने मात्र कायद्याच्या अडचणीकडे बोट दाखवून हा नियम आपल्या देशात लागू करायला वर्षानुवर्षे नकार दिला. २०१३ मध्ये डेम्प्सी लंडनच्या टॉटेनहॅमकडून अमेरिकेतल्या सिएटलकडे गेला, त्या सौद्यातून त्याच्या जुन्या डॅलसच्या क्लबने आपला वाटा मागितला आणि वाद सुरू झाला. व्यावसायिक लीगने २०१९ मध्ये भूमिका बदलली. पण तोपर्यंत लहान क्लबांची घडी बसून गेली होती. ज्याला खेळाडू घडवून पुढे काही मिळत नाही, तो आजच पैसे घेणार आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडूनच घेणार. क्लबचा खरा ग्राहक खेळाडू नसतो, त्याचा बाप असतो.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने बालक्रीडेचे नियम केले आहेत. लहान मुलांनी आपल्या परिसरातच खेळायचे, आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाहीच. एर्लिंग हालँड याच देशातल्या ब्रिन नावाच्या छोट्या गावात, गावच्याच क्लबमध्ये वाढला. नऊ वर्षांच्या पोराला सामन्यासाठी पाचशे मैल नेल्याशिवाय त्याचा खेळ सुधारत नाही, हा शोध खेळाचा नसून हॉटेलवाल्यांचा आहे.

हे अमेरिकेचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही शनिवारी हीच धावपळ असते, पण ती घरे बहुतेक पगारदारांची आहेत, त्यांचे निभावते. आपली काळजी वेगळी आहे. मुंबई-पुण्यातल्या खासगी फुटबॉल अकादम्या त्याच वाटेने निघाल्या आहेत. महिन्याची फी, ब्रँडेड किट, आणि सुटीत गोव्याला किंवा परदेशी स्पर्धा. तिकडे जाऊन आलेल्या मुलाच्या माहितीपत्रकात 'आंतरराष्ट्रीय अनुभव' अशी ओळ येते. ती ओळ बापाच्या पैशाची असते, पण निवड समितीपुढे ती गुणवत्ता म्हणून वाचली जाते. गुणवत्तेच्या नावाखाली नेमके काय मोजले जाते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

उलट उदाहरणही आपल्याच मातीत आहे. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन 'स्लम सॉकर' सुरू केले. पोरे पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत होती, तिथून सुरुवात झाली. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर 'झुंड' काढला. त्या सिनेमाचा उत्तरार्ध आठवा. तिथे अडचण गोल करण्याची नाही. अडचण आहे ती पासपोर्ट, दाखले आणि प्रवासाचे पैसे जमवण्याची. पोरे खेळायला केव्हाच तयार होती.

आपल्याकडे या पोरांना एक आधार होता, रेल्वेचा. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना भाड्यात सवलत मिळे. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, अपंग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या ठरावीक सवलती वगळून बाकीच्या काढून घेतल्या गेल्या, त्यात खेळाडूंचीही गेली. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून एक संघ मुंबईला यायचा म्हटले की सोळा-अठरा तिकिटे जातानाची आणि तेवढीच परतीची. हे पैसे वस्तीतून वर्गणी काढून उभे राहतात नाहीतर संघ घरी बसतो.

तेव्हा मागणी सरळ आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा जिल्ह्यातच व्हाव्यात आणि निवड करणाऱ्यांनी जिल्ह्यात यावे. एक निवडकर्ता नंदुरबारला पाठवणे हे अठरा पोरे मुंबईला आणण्यापेक्षा स्वस्त आहे, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. खासगी स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेश अर्जावरच प्रवास, मुक्काम आणि जेवण धरून एकूण खर्च छापावा आणि हॉटेलकडून मिळणारे कमिशनही जाहीर करावे. आणि जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या निवडलेल्या मुलाचे भाडे शासनाने भरताना त्याच्यासोबत येणाऱ्या आईच्या किंवा बापाच्या बुडणाऱ्या दोन दिवसांच्या मजुरीचाही त्यात समावेश करावा.