आधी चाल पाहा, मग डर्बीचं बोला

महालक्ष्मीवर डिसेंबरात गिनीज पार पडली की घोडेशौकिनांत एकच चर्चा सुरू होते: हा फेब्रुवारीत डर्बी मारणार का? गिनीज १६०० मीटरची, डर्बी २४०० मीटरची. वरचे आठशे मीटर झेपतील का, हे ठरवताना आपण आईबापांचं रक्त आणि जिंकल्याचं अंतर पाहतो. माझं म्हणणं असं की उमद्या, कोवळ्या घोड्याचा पुढचा बेत त्याच्या धावण्याच्या ढंगावरून ठरावा. इंग्लंडच्या फ्रँकेलची कारकीर्द त्याचा पुरावा आहे. ३० एप्रिल २०११ रोजी न्यूमार्केटच्या गिनीजमध्ये या तीन वर्षांच्या घोड्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली. अर्ध्या वाटेवर तो पंधराएक लेंथ पुढे होता. जिंकला मात्र सहा लेंथने. जमावाने विजय पाहिला. पण सगळा जोर पहिल्या अर्ध्यातच ओतणारा घोडा इंग्लिश डर्बीत एप्समच्या चढउतारांवर आणि वळणावर दीड मैल कसा पुरवणार, हा प्रश्नही त्याच शर्यतीने विचारला होता. ट्रेनर हेन्री सेसिल यांनी त्याला डर्बीत उतरवलंच नाही. जूनमध्ये अॅस्कटला, मैलाच्याच शर्यतीत, जॉकी टॉम क्वीली यांनी फार लवकर मुसंडी मारली आणि शेवटी झोफनी पाऊण लेंथवर येऊन ठेपला. सेसिल यांची शंका रास्त होती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, डर्बी टाळणं म्हणजे कच खाणं. पण सेसिल यांनी स्वतः चार डर्ब्या जिंकल्या होत्या; त्या शर्यतीत काय लागतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बाप गॅलिलिओ २००१ चा डर्बीविजेता, म्हणजे दम रक्तातच होता. होताच. फ्रँकेलच्या मुलाने, अडायारने, २०२१ ची डर्बी जिंकली. मात्र दम असणं वेगळं आणि तो जपून वापरणं वेगळं. ते शिकायला फ्रँकेलला आणखी वर्षभर मिळालं. ऑगस्ट २०१२ मध्ये यॉर्कला तो प्रथमच मैलाच्या पुढे धावला, तेव्हा सुरुवातीला मागे शांत राहिला आणि सरळ रेषेत येऊन सात लेंथने जिंकला. चौदापैकी चौदा शर्यती जिंकून तो निवृत्त झाला.

आपल्याकडे गिनीज आणि डर्बी यांत जेमतेम दोन महिने असतात. तेव्हा गिनीज मोठ्या फरकाने मारणारा घोडा दिसला की मालकांनी आणि पैसे लावणाऱ्यांनीही त्याचे पहिले आठशे मीटर पुन्हा पाहावेत. तो लगामाशी झटत असेल तर त्याला वर्षभर मैलावरच खेळवावं. डर्बी चुकली तर एक करंडक जातो. घाईत घोडाच बिघडला तर सगळंच जातं.