‘ओ’ दिसणारा, पण ‘ओ’ नसलेला

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून उमेदवारी करताना आमच्या वरिष्ठ बाईंनी मला पहिल्यांदा ‘बॉम्बे ग्रुप’ दाखवला. टाइलवर रक्ताचे थेंब, त्यांत अँटी-ए आणि अँटी-बी. गुठळी कुठेच नाही. म्हणजे ‘ओ’, मी म्हणालो. मग त्याच माणसाच्या सीरममध्ये बाईंनी ‘ओ’ गटाच्या पेशी टाकल्या आणि बघता बघता गुठळ्या धरल्या.

हा गट 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. ‘ए’ आणि ‘बी’ ज्याच्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ प्रतिजन या लोकांच्या रक्तात नसतोच. तुमच्या-माझ्या, अगदी ‘ओ’ गटाच्या पेशींवरही तो असतो, म्हणून आपलं रक्त त्यांना परकं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, युरोपात दहा लाखांत एक.

रक्तदान शिबिरातल्या टाइलवरच्या चाचणीत हा माणूस ‘ओ’ म्हणूनच नोंदला जातो. त्याला ‘ओ’ची पिशवी चढली तर जीव जाऊ शकतो. क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त चढवण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहताना, हे पकडलं जातं, हे खरं. पण तेव्हा रुग्ण टेबलावर असतो आणि नातेवाईक फोनवर दाते शोधत धावत असतात. माझं ठाम मत आहे: ओळखपत्रावर ‘ओ’ लिहिण्याआधी सीरमची ‘ओ’ पेशींशी तपासणी झालीच पाहिजे. आणि एक ‘बॉम्बे’ सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांनाही लगेच बोलवा. त्यांच्यात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते.