आपल्या हातच्या कामाचं एक पुस्तक असावं



माझी धाकटी जाऊ ऑर्डरप्रमाणे रुखवत करून देते. सुपारीची वरात, मण्यांचं तोरण, खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेली वेलबुट्टी, डाळींची रांगोळी, आणि आपल्या लोकांकडून हमखास मागणी येते ती तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांची. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक मुलीची आई चौकशीला आल्या. मी तिथेच बसले होते. धाकटीने मोबाइल काढला आणि फोटो शोधायला लागली. आधी नातवाचा वाढदिवस आला, मग भावोजींच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, मग कुणाच्या तरी साखरपुड्यातली पंगत, आणि मग एक रुखवत, तेही अर्धंच. बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "छान करता हो. पण घरीच तर करता ना, मग एवढे पैसे कसे?"

२२ दिवसांचं काम होतं. धाकटीने त्यातून २,००० रुपये कमी केले. बाई गेल्यावर ती काही बोलली नाही, मण्यांचा डबा उघडून बसली. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण मला आमच्या अक्का आठवत होत्या.

अक्का म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. आमच्या भावकीतल्या बहुतेक लग्नांचं रुखवत त्यांच्या हातचं. पैसे कधी घेतले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. एखादं खणाचं कापड, नारळ, आणि "अक्कांचा हातच वेगळा" एवढं कौतुक, बस्स. त्या गेल्यावर आम्ही त्यांच्या कामाचा एखादा फोटो शोधायला घेतला. कपाटभर अल्बम पाहिले. दोन फोटो सापडले. एकात रुखवताच्या पुढे व्याही उभे होते, दुसऱ्यात सोळा स्वप्नांपैकी हत्ती तेवढा दिसत होता, तोही पुसट. तीस-पस्तीस वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून आमच्याकडे एक हत्ती उरला.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण एक धडा डोक्यात पक्का राहिला आहे. गुडविल शिकवताना सर सांगायचे की धंद्याने स्वतः कमावलेलं नाव हिशेबाच्या वहीत येत नाही, पैसे मोजून विकत घेतलेली गुडविल तेवढी ताळेबंदात दिसते. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. आता वाटतं, हा नियम आपल्या बायकांसाठीच लिहिला असावा. आयुष्यभर नाव कमवायचं, आणि वहीत शून्य!

म्हणून आज मी स्पष्टच सांगणार आहे. जी बाई हाताने काही करते, मग ते रुखवत असो, गोधडी, क्रोशे, रांगोळी किंवा भरतकाम, तिच्या कामाचं एक छापील फोटोबुक असलंच पाहिजे. मोबाइलमधली गॅलरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

मोबाइलमध्ये फोटो हजार असतात, पण निवडलेला एकही नसतो. पुस्तक करायचं म्हटलं की निवडावं लागतं, आणि निवडताना आपल्यालाच कळतं की आपण काय चांगलं करतो. धाकटीच्या फोनमधून आम्ही दोघींनी चार दुपारी बसून २४ पानांपुरते फोटो काढले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, मी एवढं केलंय होय?" मैत्रिणींनो, नुसतं हे वाक्य ऐकायला मिळालं तरी माझे पैसे वसूल झाले होते.

दुसरी गोष्ट, पुस्तक हातात ठेवता येतं. गिऱ्हाईक ते मांडीवर घेऊन सासूला, नणंदेला दाखवतं, घरी दोन दिवस नेतं. फोन कुणी कुणाला दोन दिवस देत नाही.

आता कसं केलं ते सांगते, कारण आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नयेत.

पुस्तक चौकोनी, ८ बाय ८ इंचाचं केलं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे ८ इंचांच्या पानभर फोटोला प्रत्येक बाजूने २,४०० ठिपके हवेत. फोनच्या कॅमेऱ्याला ते सहज जमतं, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो. मुलीला, भाचीला फोटो पाठवायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. आमचे पहिले सात-आठ फोटो याच कारणाने बाद झाले.

फोटो सकाळी, खिडकीजवळच्या उजेडात काढावेत. फ्लॅश नको, मण्यांवर आणि साखरेच्या कामावर पांढरे डाग पडतात. डाळींच्या रांगोळीचा फोटो बरोबर वरून घ्यावा. मागची पाण्याची बाटली, खुर्चीवरचा टॉवेल आधी उचलावा. तो नंतर दिसतो आणि मग फक्त तोच दिसतो! एकाच वस्तूचे सहा फोटो लावण्यापेक्षा एक पूर्ण आणि एक अगदी जवळून, जिथे टाका किंवा कोरीव रेघ दिसेल, असे दोन पुरतात.

फोटो दोन पानांवर पसरवायचा मोह टाळावा. साध्या बांधणीत मधला भाग घडीत जातो. आमच्या पहिल्या नमुन्यात सुपारीच्या वरातीतला नवरदेव नेमका घडीत गेला होता. पूर्ण सपाट उघडणारी बांधणी मिळते, पण तिला पैसे जास्त पडतात. पान कडेने कापलं जातं, त्यामुळे महत्त्वाचं काही अगदी काठाला ठेवू नये. कागद चकचकीत न घेता मॅट घ्यावा, ट्यूबलाइटखाली चमकत नाही आणि बोटांचे ठसेही कमी दिसतात. आणि पडद्यावर दिसणारा रंग कागदावर तसाच येत नाही, थोडा दबतो. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल यांत फरक लगेच कळतो. म्हणून आधी एकच प्रत छापून बघावी, पसंत पडली की मग बाकीच्या.

मजकूर थोडाच लिहावा, पण खरा. प्रत्येक कामाखाली आम्ही चार गोष्टी घातल्या: वस्तू काय, माप किती, साहित्य कोणतं आणि दिवस किती लागले. "२२ दिवस" हे पानावर छापलेलं वाचल्यावर "घरीच तर करता" हे वाक्य तोंडातून निघणं जरा अवघड होतं. दर मात्र पुस्तकात छापू नये, तो दरवर्षी बदलतो. वेगळ्या कागदावर लिहून मागच्या पानाशी ठेवावा. आणि ज्या लग्नातला फोटो आहे त्या घरची परवानगी घ्यावी, विशेषतः वधूवरांची नावं किंवा चेहरे दिसत असतील तर.

खर्च म्हणाल, तर आमच्या तीन प्रतींना मिळून ४,२०० रुपये लागले. ऐकून भावोजींनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, हा जाहिरातीचा खर्च आहे, तो एका ऑर्डरवर टाकायचा नसतो. दोन वर्षांत २० ऑर्डरी धरल्या तर एकीला २१० रुपये पडतात. नुसत्या घासाघिशीत २,००० गेले होते, त्याचा हिशेब कुणी मांडला होता?

आता एक शंका, जी माझ्या मनातही आली होती. आपलंच काम आपणच छापून दाखवायचं, हा मान कषाय नाही का? "मी केलं, मी केलं" म्हणत फिरायचं?

मी यावर पुष्कळ विचार केला. आपल्या जुन्या हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटी प्रशस्ती असते. ग्रंथ कुणी लिहवून घेतला, कुणी नकलला, कोणत्या गावी, हे तिथे नोंदलेलं असतं, आणि त्यात श्राविकांची नावंही असतात. दहाव्या शतकातल्या दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या असं सांगतात. ते कुणी लिहून ठेवलं नसतं तर आज आपल्याला तिचं नाव तरी कळलं असतं का? नोंद करणं आणि मिरवणं यांत फरक आहे. जे केलं तेवढंच लिहिलं तर तो हिशेब. न केलेलं लिहिलं तर मात्र दोष. म्हणून मी धाकटीला दोन नियम घालून दिले. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याच्या कामाचा एकही फोटो पुस्तकात येणार नाही, ते अदत्तादान, सरळ चोरी. आणि फोनमधले रंग चढवून काम होतं त्याहून सुंदर दाखवायचं नाही, ती माया. गिऱ्हाइकाला जे मिळणार तेच पानावर.

एवढं सगळं शिकवणाऱ्या माझ्याच हातून चूक झाली.

तिन्ही प्रती आल्या. धाकटीच्या घरी चार जणी जमल्या. कोपऱ्यावरच्या मावशीही होत्या. खोबऱ्याचं सगळं कोरीवकाम त्या करून देतात, गेली कित्येक वर्षं. त्यांनी पुस्तक घेतलं, पदराने हात पुसले, एकेक पान उलटलं. खोबऱ्याच्या वाटीचं पान आलं तिथे थांबल्या. वाटीवरून बोट फिरवलं. मग पहिलं पान काढलं, जिथे फक्त धाकटीचं नाव होतं. परत शेवटचं पान बघितलं. तिथे फोन नंबर होता. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "लई छान झालंय." आणि पेल्यात अर्धा चहा ठेवून घरी गेल्या.

मजकूर मी लिहिला होता. मावशींचं नाव मला सुचलंच नाही. मणी ओवणाऱ्या शेजारणीचंही नाही. "घरीच तर करता" म्हणणाऱ्या त्या बाईंवर मी रागावले होते, आणि मावशींच्या बाबतीत मी तेच केलं होतं. अक्कांच्या बाबतीत सगळ्या भावकीने केलं तेच.

फोटोंच्या पुस्तकाची सुरुवातच मुळी एका बाईने केली, हे मला त्यानंतर वाचायला मिळालं. इंग्लंडमधली ॲना ॲटकिन्स. समुद्रातलं शेवाळ ती रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात निळे ठसे काढायची. १८४३ पासून दहा वर्षं तिने अशा ठशांचं पुस्तक भागाभागाने तयार केलं आणि ओळखीच्यांना वाटलं. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं. पण प्रस्तावनेखाली तिने पूर्ण नाव न घालता फक्त ए. ए. एवढी अक्षरं घातली. पुढे एका जाणकाराने त्या अक्षरांचा अर्थ लावला, कुणी अनामिक हौशी असावा! इतक्या वर्षांची मेहनत, आणि नाव न लिहिल्यामुळे ती अनामिक ठरली. तिने निदान स्वतःचंच नाव आखडतं घेतलं होतं. मी दुसऱ्यांचं गाळलं होतं.

आम्ही पुन्हा तीन प्रती छापल्या, पुन्हा पैसे भरले. या वेळी प्रत्येक पानावर कुणाचा हात हे लिहिलं. खोबऱ्याच्या पानावर मावशींचं पूर्ण नाव आहे. शेवटच्या पानावर फोटो कुणी काढले तेही आहे. आणि सर्वांत पहिल्या पानावर तो पुसट हत्ती. धाकटी म्हणाली, "वहिनी, हा फोटो बरा नाही, पुस्तक खराब दिसेल." मी म्हटलं, दिसू दे. त्याखाली एकच ओळ आहे, अक्कांचं नाव आणि "यांच्याकडून शिकलो".

तिसरी प्रत मी स्वतः मावशींच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. आता त्यांच्याकडेही खोबरं कोरून देण्याची वेगळी विचारणा येते. धाकटीला आधी वाटलं, आपली गिऱ्हाइकं तुटतील. अजून तरी एकही तुटलेलं नाही. घासाघीस बंद झाली असं मी म्हणणार नाही, आपल्या बायका कुठे ऐकतात! पण आता बोलणं पुस्तक उघडून होतं. "नवव्या पानावरचं हवं, पण थोडं लहान" असं म्हणतात, आणि लहान हवं तर दिवस कमी लागतील, पैसेही थोडे कमी होतील, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी कुणी असेल, सासू, जाऊ, वन्सं, किंवा तुम्ही स्वतः, तर पुढच्या लग्नसराईची वाट बघू नका. या रविवारी दुपारी फोन घेऊन बसा आणि २४ पानांपुरते फोटो निवडा. आणि पुस्तक छापायला देण्याआधी ते त्या सगळ्या हातांना एकदा दाखवा. कुणाचं नाव राहिलंय ते त्यांना बरोबर कळतं, फक्त त्या बोलत नाहीत.