सर्पगंधा : बीपीची मुळी, पण घरगुती उपाय नव्हे

काशीयात्रेहून परतणाऱ्या मंडळींच्या पिशवीत गंगाजल असतं, प्रसाद असतो आणि कधी कधी एखादी जडीबुटीही असते. वाराणसीतलं गोला दीनानाथ म्हणजे मसाल्यांची आणि जडीबुटींची जुनी बाजारपेठ. तिथे कुणी तुम्हाला ‘बीपीवर रामबाण’ म्हणून एखादी कडू मुळी दाखवली, तर ती सर्पगंधा असू शकते. घरातल्या आजी-आजोबांसाठी ती विकत घेण्याआधी तिची गोष्ट जाणून घ्या.

ओळख करून घेऊया

सर्पगंधा हे जेमतेम दीड-दोन फूट उंचीचं झुडूप आहे. सदाफुली आणि कण्हेर यांच्याच कुळातलं. एका पेरावर तीन-चार चकचकीत पानं, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुलं आणि पिकल्यावर काळपट जांभळी होणारी फळं. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या कोकणापर्यंत दमट जंगलात ते वाढतं. औषधात वापरतात ते मात्र मूळ.

उत्तर प्रदेश-बिहारमध्ये हिला धवलबरुआ, छोटा चांद अशी नावं आहेत. ‘चंद्रभागा’ असंही म्हणतात. आपल्याला मात्र या नावाने पंढरपूरच आठवणार! आणखी एक नाव आहे, ‘पागल की दवा’. झोप न येणं, मन फार अस्वस्थ होणं, वेडाचे झटके येणं यांवर तिथे ही मुळी पूर्वापार दिली जायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला दाखवलं

1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा गुण येतो, असं लिहून प्रसिद्ध केलं. पण जगाचं लक्ष गेलं ते 1949 मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर या मुळीचा उपयोग करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्या काळी रक्तदाबावर धड औषधंच नव्हती, हे लक्षात घ्या. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. 1957 मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गुण तिथेच धोका

रेसर्पिन नेमकं काय करतं? आपल्या नसांच्या टोकाशी काही रासायनिक द्रव्यांचा साठा असतो. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात. रेसर्पिन हा साठा रिकामा करतं, म्हणून रक्तदाब उतरतो. पण मेंदूतही अशीच द्रव्यं असतात आणि मन उत्साही राहायला ती लागतात. तीही कमी होतात. म्हणून या औषधाने काही रुग्ण उदास होतात. शिवाय नाक चोंदणं, सुस्ती येणं, नाडी मंद होणं, पोटातला अल्सर वाढणं असे त्रास होऊ शकतात. औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस राहतो. पुढे जास्त सुरक्षित गोळ्या आल्या आणि रेसर्पिन मागे पडलं.

म्हणजे ही मुळी खोटी नाही. ती खरोखर काम करते आणि म्हणूनच तिला जपून हाताळावं लागतं. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य इथे लागू पडत नाही.

घरात हे लक्षात ठेवा

• बीपीची चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करून मुळीचं चूर्ण सुरू करू नका. गोळीसोबतही घेऊ नका. रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.
• ज्यांना नैराश्याचा किंवा अल्सरचा त्रास आहे किंवा होता, तसंच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही मुळी टाळावी.
• आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा.
• सुट्या मुळीत भेसळ असते. याच जातीतल्या दुसऱ्या झुडपाची मुळं सर्पगंधा म्हणून विकली जातात. चूर्ण केल्यावर तर फरक ओळखणं आणखी अवघड.

झुडपालाही जपायला हवं

मूळ काढायचं म्हणजे झाड उपटायचंच. मागणी वाढली तशी जंगलातली सर्पगंधा कमी होत गेली. 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आहे. आता काही शेतकरी तिची लागवड करतात. लावल्यापासून साधारण दीड वर्षाने मुळं काढणीला येतात.

आता एक छोटं काम. आज आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना सहज विचारा, “बीपीच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का?” उत्तर ‘हो’ आलं, तर रागावू नका. ती पुडी पिशवीत टाका आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा.