कळ गेली, पण विंचू उतरला का?

भात कापणीला आले की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक तापाची आणि दुसरी विंचू, गांधीलमाशी, मधमाशीने दंश केलेल्यांची. या दुसऱ्या गर्दीतले बहुतेक जण येतात ते काहीतरी लावूनच. कुणी चुना, कुणी कांदा, कुणी तुरटी, तर कुणी लोखंडाची पट्टी घासून. आजी-आजोबांच्या या उपायांना मी पूर्वी सरसकट हसत असे. आता हसत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजूही नये, असे माझे मत आहे.

आधी मधमाशीचे पाहू. मधमाशी आपला काटा कातडीत सोडून जाते आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी काही सेकंद विष ढकलत राहते. काटा चिमटीत धरू नये, नखाने खरवडूनच काढावा, असे आम्हीही शिकवत असू. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. तेव्हा चिमटा शोधत बसू नका. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तिथे शोधण्यासारखे काही नसते. मधमाशीचे विष आम्लधर्मी म्हणून सोडा लावा, गांधीलमाशीला लिंबू, हा हिशेब कागदावर छान दिसतो. पण विष कातडीच्या आत गेलेले असते आणि सोडा राहतो वर. थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा. लोखंडाने बरे वाटते तेही गारव्यामुळेच. चुन्याने मात्र कोवळी कातडी भाजते. मुलांना तो लावू नये, आणि डोळ्याजवळ तर कुणालाच नाही.

इथपर्यंत घरगुती उपायांनी फारसे बिघडत नाही. बिघडते ते विंचवाच्या बाबतीत.

आपल्याकडे चिंचोका घासून दंशावर चिकटवतात, तो गळून पडला की विष उतरले असे मानतात. मांत्रिकाकडे झाडून घेतात. थोड्या वेळाने कळ कमी होते आणि घर निश्चिंत होते. काळ्या मोठ्या विंचवाच्या बाबतीत हे खपून जाते, कारण त्याचा त्रास बहुधा दंशाच्या जागीच राहतो. कोकणातला लहानसा लाल विंचू वेगळा. ज्याला ठणका भयंकर, तो पुष्कळदा वाचलेला असतो. आणि ज्याला ठणका बेताचाच आहे पण दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय आहेत, त्याच्या अंगात विष भिनलेले असते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगितले तर खोटे ठरेल. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी संध्याकाळी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आणला. पेंढ्यात हात घातला आणि विंचू चावला. मी दंशाजवळ बधिर करणारे इंजेक्शन दिले. मुलगा रडायचा थांबला. त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, हात गार लागतोय हो याचा." मी म्हटले, "घाबरलाय, घरी न्या." रात्री अकराला ते परत आले तेव्हा मुलाला धाप लागली होती, तोंडाला गुलाबी फेस होता. जीपमध्ये घालून मोठ्या रुग्णालयात नेला, म्हणून वाचला. त्या संध्याकाळी मांत्रिकाने केले असते तेच मी केले होते, फक्त सुई वापरून.

या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी खेड्यात राहून, रुग्णांच्या उशाशी बसून हे ओळखले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर वापरली. त्यांचे हे काम १९८०च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात ३०-४० दगावत, ते प्रमाण १ च्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीबरोबर प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवले.

ही गोळी घरात आणून ठेवावी का, असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर 'नाही' असेच आहे. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, रुग्णाला आडवे ठेवून नाडी पाहावी लागते, हातपाय गरम होईपर्यंत ठरावीक तासांनी ती पुन्हा द्यावी लागते. ते काम दवाखान्याचे.

तेव्हा लहान मुलाला विंचू चावला तर कळ कमी झाली की नाही हे विचारत बसू नका. घाम, उलटी आणि हातपायांचा गारठा पाहा. यांपैकी एकही दिसले तर चिंचोका, झाडफूक, दोरीची आवळपट्टी यांत अर्धा तासही घालवू नका. काही दिसले नाही तरी मुलाला दाखवून घ्या आणि रात्रभर लक्ष ठेवा. माशीच्या दंशानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, किंवा आग्या मोहोळाच्या शेकडो माश्या चावल्या, तरी हीच घाई करा. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन लागू शकते.

ज्या आईचे मी ऐकले नव्हते, ती अजून माझ्याकडे येते. आता नातवाला घेऊन.