मांजरीचा मेंदू तपासणे हे चोचले नव्हेत

पाळीव मांजरीला आकडी आली, ती एकाच दिशेने गोल फिरू लागली किंवा मागचे पाय ओढू लागली आणि कुणी तिचा एमआरआय करण्याचे सुचवले, की ठरलेला उपहास कानी पडतो : माणसे तपासणीसाठी रांगेत तिष्ठत असताना मांजरीचे कसले हे चोचले? माणसांची रांग खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. मांजर माणसाच्या घरात राहते, त्याच्या ताटातले खाते. तिच्या मज्जासंस्थेत होणारा बिघाड हा पुष्कळदा माणसाला मिळालेला आगाऊ इशारा असतो.

जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली माणसांतील आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याआधीच तेथील मांजरे झोकांड्या खात, झटके येऊन मरत होती. चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला दिले आणि त्यातही तीच लक्षणे उमटली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग हेच कारण असल्याचे सरकारने मान्य केले ते १९६८ मध्ये.

ब्रिस्टलमध्ये १९९० साली मॅक्स नावाच्या सयामी मांजराच्या मेंदूत गायींच्या ‘मॅड काऊ’सारखा विकार आढळला. तरीही गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही मंत्री देतच राहिले. माणसांतील रोगाशी त्याचा संबंध असण्याची शक्यता १९९६ मध्ये कबूल करावी लागली.

भारतातही इशारे मिळाले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितले – एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यातील पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. २०२४ मध्येच अमेरिकेतील गोठ्यांत बाधित गायींचे कच्चे दूध प्यायलेली मांजरे आंधळी होऊन, गोल गोल फिरत मेली होती.

आता जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राचा विचार करावा. तेथील एखाद्या कामगाराच्या खोलीत वाढलेली मांजर उद्या लडखडू लागली, तर कारण काय असेल? गाठ, कोरोनाविषाणूचा संसर्ग, कीटकनाशक, जड धातू की रेबीज? एमआरआय गाठ किंवा सूज दाखवील. पारा दाखवणार नाही. त्यासाठी रक्ततपासणी हवी, संसर्गासाठी मणक्यातील द्रवाची परीक्षा हवी. रेबीजचा खात्रीचा निर्णय तर मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होतो. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे प्राणिरुग्णालय सुरू झाले आणि अशा तपासण्यांची सोय झाली. परंतु रोग महानगर पाहून येत नाही. जेथे ही सोय नाही, तेथे ‘पिसाळली असेल’ एवढ्यावर मांजर पुरली जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही.

म्हणून मागणी केवळ यंत्रांची नाही. प्रत्येक जिल्ह्यातून नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचावा, त्याचा खर्च मालकाच्या खिशावर अवलंबून नसावा आणि निष्कर्ष त्याच्या फायलीत न संपता मानवी आरोग्ययंत्रणेकडे जावा. ‘एक आरोग्य’ हा शब्द सरकारी व्यासपीठांवर पुष्कळ गाजतो. मरणाऱ्या मांजरीचा नमुना कुणी घेणार नसेल, तर तो शब्द निव्वळ शोभेचा आहे. मिनामातात मांजरांनी इशारा दिला होता. ऐकणाऱ्यांनी कान झाकले, आणि किंमत कोळ्यांच्या मुलांनी मोजली.